‘फार्मॅकॉग्नॉसी’ शब्दाची व्युत्पत्ति

‘फार्मॅकॉग्नॉसी’ हा इंग्रजी सामासिक शब्द संस्कृत ‘भेषजज्ञान’ या शब्दाचा अपभ्रंश होय, असें मत कधीं कधीं ऐकूं येतें. औषधी द्रव्यें ओळखण्याचें हें शास्त्र आयुर्वेदाच्या अभ्यासकांस जवळचें असल्यामुळें हें मत रुचतें; परंतु रुचणें हें प्रमाण नव्हे. यास्तव त्याची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम उत्तरपद घेऊं. ग्रीक ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. त्याचा धातु व संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच मूळ धातूपासून निघाले, हें निर्विवाद आहे. लॅटिन ‘नोस्को’, पूर्वीचें ‘ग्नोस्को’, तसेंच ज्यांतील आद्य वर्ण लिहितात पण उच्चारीत नाहींत तें इंग्रजी ‘नो’, हीं क्रियापदें त्याच कुळांतलीं. परंतु भगिनी म्हणजे कन्या नव्हे. साम्य कुळाचें आहे, उसनवारीचें नाहीं.

पूर्वपदाची गोष्ट निराळी. संस्कृत भकाराच्या जागीं ग्रीकांत फकार येतो, हें ‘भरामि’ व ‘फेरो’ यांवरून सिद्ध आहे. तेवढ्याच आधारावर ‘भेषज’ आणि ‘फार्माकोन’ यांची सांगड घातली जाते. मग रेफ, मकार व ककार आले कोठून, आणि षकार गेला कोठें? या प्रश्नांस उत्तर नाहीं. ‘भेषजा’चा खरा सोयरा अवेस्तांतील ‘बएशज’ होय. ‘फार्माकोन’ हा शब्द ग्रीकपूर्व भाषेंतून आला असावा, असें कित्येक पंडित मानितात. अर्थही जुळत नाहीं : होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत ‘फार्माकोन’ हितकर तसेंच घातक असूं शकतें, ‘भेषज’ रोग शमवितें.

समासाचा जन्म तर अलीकडचा. व्हिएन्ना येथील वैद्य योहान आडाम श्मिट १८०९ सालीं वारले; १८११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत तो आढळतो. तत्पूर्वींचा मान दीर्घकाळ सायडलर यांच्या १८१५ च्या पुस्तकास दिला जात असे. ग्रीक अवयव जोडून जर्मन भाषिकांनीं शब्द घडविला. इंग्रजींत तो मागाहून आला.

म्हणून ‘भेषजज्ञान’ हा प्रतिशब्द म्हणून खुशाल योजावा, मूळ म्हणून सांगूं नये. चरकाच्या सूत्रस्थानांत पहिल्याच अध्यायीं सांगितलें आहे कीं, वनांतील गुराखी व मेंढपाळ ओषधींचें नाम व रूप जाणतात. पण तत्त्ववेत्ता तो, जो त्यांचा योग जाणतो. शब्दशास्त्रांतही केवळ नामरूपाच्या साम्यावर थांबणाऱ्यास तत्त्ववेत्ता म्हणतां येणार नाहीं.