लेखणीधारी यम : ‘पश्चिमयात्रे’तील नरकाधिपतींचे स्वरूप

आशियाई पुराणकथांचा आधार घेणाऱ्या आधुनिक अद्भुतकथांत अधोलोकाचा स्वामी बहुधा असुररूपाने अवतरतो. उग्र मुद्रा आणि स्वर्गाशी वैर ही त्याची ठरीव लक्षणे होत. या कल्पनेत दोन भिन्न स्थानांची सरमिसळ झालेली दिसते. भारतीय परंपरेत पाताळ हे दैत्य व नाग यांचे निवासस्थान, तर यमलोक हे धर्मराजाचे न्यायस्थान. यम भयंकर खरा. पण तो दैत्य नव्हे. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे ‘येन-लो’ झाला आणि दहा नरकराजांच्या मालिकेत पाचव्या स्थानी स्थिरावला.

या नरकराजांचे सर्वांत मार्मिक चित्रण ‘पश्चिमयात्रा’ (शी-यौ-ची) या शंभर प्रकरणांच्या चिनी कादंबरीत आढळते. तिची उपलब्ध आद्य आवृत्ती १५९२ मधील आहे. तिसऱ्या प्रकरणात वानरवीर सुन वुखुंग याला यमदूत पकडून नेतात. तो मृत्यूची नोंदवही मागवितो, ३४२ वर्षांचे आपले आयुष्य तीत नोंदलेले पाहतो आणि आपल्या नावासह इतर वानरांची नावेही खोडून टाकतो. दहाही राजे त्याचे पारिपत्य करीत नाहीत. ते क्षितिगर्भ बोधिसत्त्वाचा सल्ला घेऊन स्वर्गाकडे तक्रार-अर्ज पाठवितात. ज्यांची सत्ता नोंदवहीत आहे, त्यांची दुर्बलताही नोंदवहीतच असावी, हे सुसंगतच आहे.

या प्रसंगांत केवळ नोकरशाहीचा उपहास पाहणे मात्र अपुरे ठरेल. दहाव्या व अकराव्या प्रकरणांत थांग सम्राट थाइ-चुंग मरण पावून यमलोकी जातो. त्याचा मंत्री वेइ चंग याने तेथील न्यायलेखकास ओळखीचे पत्र दिलेले असते. तो लेखक राज्यवर्षांच्या ‘तेरा’ या आकड्यात दोन रेघा वाढवून ‘तेहेतीस’ करतो. सम्राटाला वीस वर्षे लाभतात. (इतिहासातील थाइ-चुंग ६४९ मध्ये, आपल्या शकाच्या तेविसाव्या वर्षी निवर्तला.) परंतु परतीच्या वाटेवर त्याच्या युद्धांत बळी पडलेले जीव त्याला अडवून आपले प्राण परत मागतात. येथे दोन रेघांनी काम भागत नाही. परलोकी साठविलेले दुसऱ्याचे धन उसने घेऊन त्यांना वाटावे लागते आणि मृतांच्या उद्धारार्थ महाविधी करण्याचे वचन द्यावे लागते. त्या विधीतूनच पुढे शास्त्रग्रंथांसाठी ह्वेन त्संगची पश्चिमयात्रा उद्भवते.

आयुष्याचा आकडा बदलता येतो, मृतांचे ऋण खोडता येत नाही, ही जाणीव या कथाभागाच्या मुळाशी आहे. महाभारतातील सावित्री यमाला त्याच्याच वराच्या शब्दात बांधते. थाइ-चुंग ओळखीने सुटतो, म्हणूनच त्याला मागाहून किंमत मोजावी लागते.

अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ (१९८४–९५) या जपानी चित्रकथेतील एन्माला शिंगे आहेत. तरी तो मृतांचा निवाडा करतो तो कचेरीतील मेजामागे बसूनच. परंपरेचा हा धागा तेथे टिकला आहे. नरकाधिपतीला केवळ पराभवास पात्र असा राक्षस केला की तो धागा तुटतो. कारण राक्षस मारला की कथा संपते, मृतांचे मागणे मात्र अनुत्तरित राहते.