दोन रेघांमधली जागा

आयात-निर्यातीचे वार्षिक आकडे रसग्रहणाचा विषय होऊ शकतात, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. त्यांची जागा सरकारी अहवालाच्या परिशिष्टात, आणि परिशिष्ट उघडून बघणारे मोजकेच. पण १७८६ साली लंडनमध्ये निघालेल्या एका पुस्तकात याच आकड्यांची चित्रं झाली, आणि त्यांतलं एक तर सावकाश, पुन्हा पुन्हा वाचावं इतकं देखणं आहे. पुस्तकाचं नाव ‘द कमर्शिअल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’, कर्ता विल्यम प्लेफेअर. नाव अ‍ॅटलास, पण आत देशांचे नकाशे नाहीत. आहेत ते ४४ आलेख. त्यांतले ४३ वर्षागणिक बदलत गेलेल्या रकमांचे, आणि मुख्यतः इंग्लंडच्या परदेशी व्यापाराचे.

ज्या चित्राबद्दल मला बोलायचं आहे, ते इंग्लंडच्या डेन्मार्क आणि नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचं. हे दोन्ही देश तेव्हा एकाच राजाच्या अमलाखाली होते, म्हणून त्यांचा हिशेबही एकत्र. चित्राच्या तळाशी १७०० ते १७८० ही वर्षं. उजव्या कडेला दहा-दहा हजार पौंडांच्या पायऱ्या, वर दोन लाखांपर्यंत चढत गेलेल्या. बारीक जाळीवर दोन वळणदार रेघा आहेत, आयातीची पिवळी आणि निर्यातीची तांबडी. रंग हातानं भरलेले, त्यामुळे प्रतीप्रतींत छटा थोडी बदलते. मथळा एका लंबगोलात बसवला आहे. तळाशी कोरणाऱ्या नीलचं नाव आहे आणि १ मे १७८६ ही तारीख.

डावीकडून वाचायला लागलं की आधी आयातीची रेघ वर दिसते. सुरुवातीला ती सत्तर हजारांच्या आसपास आणि निर्यात तिच्या जेमतेम निम्मी. नॉर्वेचं लाकूड इंग्लंडला घरांसाठी हवं, जहाजांसाठी हवं, आणि त्याच्या बदल्यात पाठवायला माल कमी. पन्नासएक वर्षं हे असंच चालतं. आयात लाखाच्या घरात जाऊन पुन्हा खाली येते, निर्यात रेंगाळत राहते. मग १७५५च्या सुमाराला दोन रेघा एकमेकींना छेदतात. तिथून तांबडी रेघ जी वर निघते ती थांबत नाही. १७८०पर्यंत निर्यात आयातीच्या जवळजवळ दुप्पट झालेली असते. ऐंशी वर्षांच्या या कथानकाला कलाटणी एकच, आणि ती कुठे आहे हे शोधावं लागत नाही. दोन रंग जिथे एकमेकांवरून जातात तिथे डोळा आपोआप थांबतो.

या चित्रातली कारागिरी बघण्यासारखी आहे. रेघांची नावं कोपऱ्यातल्या वेगळ्या चौकटीत दिलेली नाहीत. ती रेघांच्याच अंगानं, त्यांच्या वळणाबरोबर वळत लिहिली आहेत. त्यामुळे कुठली रेघ कशाची हे बघायला नजर चित्राबाहेर न्यावी लागत नाही. रकमांची मोजपट्टी डावीकडे न ठेवता उजवीकडे ठेवली आहे, म्हणजे जिथे वर्तमान आहे तिथे. वाचक १७०० पासून चालत १७८० ला पोचतो आणि आज आपण किती उंचीवर आहोत, हे त्याला त्याच ठिकाणी समजतं. पण माझ्या मते या चित्रातली सगळ्यात मोठी कल्पना या दोन्हींपेक्षा वेगळ्या जागी आहे. ती आहे दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेत. प्लेफेअरनं ती जागा रंगवली आणि तिला नावं दिली. छेदाच्या डावीकडे व्यापाराची शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध, उजवीकडे इंग्लंडच्या बाजूची.

या रंगवण्याचं महत्त्व कळायला आधीची स्थिती आठवावी. सर चार्ल्स व्हिटवर्थनं १७७६ साली ग्रेट ब्रिटनच्या आयात-निर्यातीचे १६९७ पासूनचे आकडे छापले होते, आणि प्लेफेअरनं ते वापरले. अशा तक्त्यात एका रकान्यात आयात असते, दुसऱ्यात निर्यात. फरक हवा तर वजाबाकी आपण करायची. ऐंशी वर्षांच्या ऐंशी वजाबाक्या करून, त्या मनात ओळीनं मांडून, कल कुठे झुकला हे ताडायचं. प्लेफेअरनं ही सगळी वजाबाकी क्षेत्रफळात बदलून टाकली. जो फरक आजवर हिशेबाचं उत्तर होता तो चित्राचा नायक झाला.

हे सुचलं कसं? प्लेफेअरचा जन्म १७५९चा, स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या बेन्वी गावातला. वडील धर्मोपदेशक. ते लवकर गेल्यावर थोरल्या भावानं त्याला वाढवलं. हा भाऊ, जॉन, पुढे एडिंबरामध्ये गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. रोजच्या तापमानाच्या नोंदी रेघांनी मांडून ठेवायची सवय त्यानंच धाकट्याला लावली. मळणीयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या अँड्र्यू मीकलकडे उमेदवारी करून विल्यम १७७७ साली जेम्स वॉटकडे आरेखक म्हणून लागला. शिवाय जोसेफ प्रीस्टलीनं १७६५ साली थोर माणसांची आयुष्यं काळाच्या पट्टीवर आडव्या रेघांनी दाखवली होती, तेही डोळ्यांसमोर होतं. तापमान रेघेनं दाखवता येतं, काळ लांबीनं दाखवता येतो. मग पैसा उंचीनं का नाही दाखवायचा? एवढंच पाऊल उरलं होतं, आणि ते प्लेफेअरनं टाकलं.

आज हे पाऊल क्षुल्लक वाटतं. त्या काळच्या वाचकाला मात्र ते समजावून सांगावं लागलं. प्लेफेअरनं त्यासाठी घेतलेला दाखला साधा आहे. एखाद्या व्यापाऱ्यानं दिवसभरात आलेल्या गिन्यांची एक चवड रचली, दुसऱ्या दिवशीची तिच्या शेजारी, तिसऱ्या दिवशीची त्यापुढे, तर चवडींची रांग म्हणजे दिवस आणि प्रत्येक चवडीची उंची म्हणजे त्या दिवसाची कमाई. माथे जोडत गेलं की रेघ तयार. पैशाचा आकार रस्त्याच्या किंवा शेताच्या आकारासारखा नजरेनं मोजता येतो, हे पटवायला त्याला खरीखुरी नाणी टेबलावर मांडावी लागली. नवी कल्पना किती नवी होती याचा हा चांगला पुरावा.

पुस्तकातला ४४वा आलेख याच संदर्भात बघावा. स्कॉटलंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे प्लेफेअरला मिळाले नाहीत. १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे तेवढे मिळाले. काळच नाही तर रेघ कशी काढणार? म्हणून त्यानं १७ ठिकाणांशी झालेला व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला. निर्यात काळ्या पट्टीनं, आयात रेषांकित पट्टीनं. वर जर्सी आणि आइसलंडच्या पट्ट्या नुसत्या खुणेपुरत्या, खाली आयर्लंडच्या लांबच लांब. आज जगभर दिसणारा स्तंभालेख इथून सुरू झाला असं मानतात. गंमत अशी, की कर्त्याला स्वतःला तो आवडला नव्हता. काळाचं परिमाण नसल्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा कमी उपयोगाचा, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. व्यापाराची स्थिती त्याला पुरेशी वाटत नव्हती. त्याला गती हवी होती.

रसिकानं इथे सावधही व्हावं. डेन्मार्क-नॉर्वेच्या रेघा संशय यावा इतक्या गुळगुळीत आहेत. खऱ्या वार्षिक आकड्यांना दात असतात. एखादं वर्ष युद्धाचं, एखादं वादळाचं, एखाद्या वर्षी बंदर गोठलेलं. प्लेफेअरनं हे दात घासून टाकले आहेत. दुसरी गोष्ट किमतींची. इंग्लंडमध्ये १६९६ साली आयात-निर्यातीच्या महानिरीक्षकाचं कार्यालय सुरू झालं. तिथल्या वह्यांत बहुतेक मालाचं मोल अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ठरीव दरांनी मांडलं जाई आणि बाजारभाव बदलला तरी हे सरकारी दर तसेच राहत. म्हणजे ज्या रेघेला आपण पैशाची रेघ समजतो ती बऱ्याच अंशी मालाच्या वजन-मापाची रेघ आहे. तिसरी गोष्ट चोरट्या व्यापाराची. रात्री किनाऱ्याला लागलेला चहा आणि ब्रँडी कुठल्याच वहीत नाही, मग चित्रात कुठून असणार? जेम्स वॉटनं मित्रत्वानं सल्ला दिला होता, की आलेखांसोबत तक्तेही छाप, नाहीतर सगळं तुझ्या एकट्याच्या शब्दावर उभं आहे असं वाटेल. रेघ तिच्यामागची वही झाकून टाकते, ही या कलेची मूळची खोड वॉटला पहिल्याच वर्षी दिसली होती.

पण मला खरं अडवतं ते याच पुस्तकातलं दुसरं चित्र, ‘ईस्ट इंडीज’शी असलेल्या व्यापाराचं. या नावाखाली हिंदुस्थानचं सुती कापड, रेशीम, मिरी आणि चीनचा चहाही येई. तिथे आयातीची रेघ सगळी ऐंशी वर्षं वरच आहे, छेद नाहीच. या चित्रानं पुढे एक धडा शिकवला. विल्यम क्लीव्हलंड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात दोन रेघांमधला फरक वेगळा काढून नव्यानं आखला, तेव्हा १७६० नंतर लगेच तो झपाट्यानं वाढून उतरल्याचं दिसलं. मूळ चित्रात हा उंचवटा जवळजवळ कुणाच्याच लक्षात येत नाही. कारण रेघा चढणीवर असल्या की डोळा त्यांच्यातलं उभं अंतर मोजत नाही, सर्वांत जवळचं तिरकं अंतर मोजतो. ज्या मोकळ्या जागेला प्लेफेअरनं नायक केलं, तिच्याच बाबतीत नजर फसते.

नजरेची फसवणूक पट्टी लावून दुरुस्त करता येते. नावाची फसवणूक अधिक खोल असते. आयात जास्त म्हणजे शिल्लक विरुद्ध, हा या पुस्तकातला नियम. तो लावला की ईस्ट इंडीजच्या व्यापारात इंग्लंड ऐंशी वर्षं तोट्यातच दिसतं. आता हाच काळ बंगालच्या बाजूनं बघू. १७५७ च्या प्लासीच्या लढाईपूर्वी ईस्ट इंडिया कंपनी इथला माल मुख्यतः चांदी मोजून घेत असे. १७६५ साली कंपनीला दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीची सनद, मिळाली आणि बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या महसुलातूनच बंगालचा माल विकत घेतला जाऊ लागला. कंपनीच्या कागदांत या खरेदीला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणत. चांदी देऊन आणलेलं कापड आणि महसुलातून फुकट पडलेलं कापड, दोन्ही लंडनच्या गोदीत आयात म्हणूनच उतरलं. चित्रात त्यांची रेघ एकच आहे, अखंड. त्या रेघेच्या मधोमध एका मुलखाची सत्ता बदलली, याची रेघेवर खूणसुद्धा नाही.

पुढे जवळजवळ शतकभरानं मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी याच जातीच्या तक्त्यांना हात घातला. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला हा माणूस व्यापाराचे रकाने वाचायला बसला, तेव्हा हिंदुस्थानची निर्यात आयातीहून सतत जास्त आढळत होती. प्लेफेअरच्या नियमानं ही शिल्लक हिंदुस्थानच्या बाजूची. दादाभाईंनी विचारलं, मग तिचा मोबदला कुठे आहे? निरोगी व्यापारात पाठवलेल्या मालाचं मोल नफ्यासह परत यायला हवं. इथे ते पगार, निवृत्तिवेतनं, व्याज आणि लंडनमधले सरकारी खर्च या वाटांनी तिकडेच राहत होतं. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात आणि १९०१ च्या ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी हा संपत्तीचा ओघ मांडला. आकडे ब्रिटिश सरकारचेच होते. त्यांनी दोन रकान्यांमधल्या जागेचं नाव तेवढं बदललं, आणि अनुकूल शिल्लक म्हणून मिरवणारी गोष्ट नुकसान ठरली.

प्लेफेअरचं मोठेपण यानं कमी होतं असं मला वाटत नाही. माणूस म्हणून तो बेभरवशाचा होता. कर्जं, फसलेले धंदे, तुरुंगवास हे सगळं करून १८२३ साली तो वारला. पण व्यापारातली तफावत त्यानं सर्वांसमोर, रंगवून, नाव लिहून मांडली. नाव लिहिलेल्या गोष्टीशी वाद घालता येतो. रकान्यांत विखुरलेल्या वजाबाकीशी तो घालणं कठीण.

आपल्याकडे दर महिन्याच्या मध्याला वाणिज्य मंत्रालयाचे आकडे येतात आणि वर्तमानपत्रांत दोन रेघा छापल्या जातात. २०२३-२४ साली मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती आणि आयात सुमारे ६७८ अब्ज. मधली जागा बहुधा लाल रंगवतात आणि तिला तूट म्हणतात. तो रंग बघून घाबरण्याआधी प्लेफेअरच्या वाचकानं दोन प्रश्न विचारावेत. ही रेघ किमतीनं चढली की मालानं? तेल महागलं तर एक पिंपही जास्त न घेता आयातीची रेघ वर जाते. आणि मधली जागा कोण भरून काढतो आहे? सेवांच्या निर्यातीतून आलेला पैसा, परदेशी राबणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा आणि उसना घेतलेला पैसा हे तिन्ही त्या लाल पट्ट्यात सारखेच दिसतात, पण उद्या परत करावा लागणारा त्यांतला एकच.