‘द गनस्लिंगर’चे पुनर्वाचन : ध्येय आणि त्याची किंमत

प्रास्ताविक : भयकथा व अद्भुतकथा यांची दखल मराठी समीक्षेने क्वचितच गांभीर्याने घेतली. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली ‘लुचाई’ लिहिली आणि किंग यांचे कथाविश्व मराठीत आणले. याच लेखकाच्या ‘द डार्क टॉवर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड ‘द गनस्लिंगर’ १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्याच्या पुनर्वाचनाचा विचार केला आहे.

विवेचन : रोलंड हा बंदूकधारी काळ्या वेशातील पुरुषाचा वाळवंटातून पाठलाग करतो. मनोरा गाठणे हे त्याचे अंतिम ध्येय होय. तहानेने कोसळलेल्या रोलंडला जेक नावाचा मुलगा पाणी देतो. बीडसारख्या दुष्काळग्रस्त जिल्ह्यातील वाचकाला या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुढे हाच मुलगा खोल दरीवर लोंबकळत असता रोलंड त्याला वाचवीत नाही. पाठलाग चालू ठेवतो. प्रथम वाचनात पाठलागाची उत्कंठा मनाचा ताबा घेते. पुनर्वाचनात मात्र हा विश्वासघातच कादंबरीचा गाभा असल्याचे जाणवते. सातव्या खंडाच्या (२००४) अखेरीस रोलंड पुन्हा त्याच वाळवंटात येऊन पोहोचतो. पहिल्या खंडाकडे परतण्याची अपेक्षा अशा प्रकारे मालेच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. रोलंडचा निर्णय याच्या नेमका उलट आहे. म्हणूनच मनोऱ्याची वाट त्याच्यासाठी संपत नाही, असे म्हणता येईल.

येथे पाठभेदाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. टल गावातील संहारात मूळ आवृत्तीतील ॲली जिवाची याचना करीत रोलंडच्या गोळीने मरते. २००३ च्या सुधारित आवृत्तीत ती स्वतःच मरण मागते. या बदलामुळे पुढील खंडांशी सुसंगती साधली गेली, परंतु नायकाचा अपराध सौम्य झाला. जेकच्या त्यागाची पूर्वसूचना देणारा प्रसंग त्यामुळे दुबळा होतो.

निष्कर्ष : कलादृष्ट्या १९८२ चा पाठ अधिक निर्भय आहे. या कादंबरीचे अध्यापन वा संशोधन करताना कोणता पाठ स्वीकारला, हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण पाठ बदलताच नायकाच्या अपराधाचे मोजमापही बदलते.