ख्रिस्तपुराणाची भाषा : कोणाची आणि कोणासाठी?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावरील व्याख्यान असो वा लेख, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या मोजक्या ओव्यांपासून त्याचा आरंभ होतो आणि बहुधा तेथेच शेवटही होतो. ओव्या सुंदर आहेत, यात वाद नाही. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातील या मूठभर ओव्यांनी आमच्या समीक्षेचे थोडे नुकसानच केले आहे. भाषेचे कौतुक एकदा झाले की तिची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नाही.

ही चौकशी कशी करावी, याचा विचार ऐतिहासिक समाजभाषाविज्ञान या ज्ञानशाखेने गेल्या चार दशकांत नेटाने केला आहे. सुझॅन रोमेन यांचा या विषयावरील ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. एखादा शब्द केव्हा बदलला, एवढे विचारून हे अभ्यासक थांबत नाहीत. तो कोणाच्या तोंडी होता, कोणासमोर आणि कोणत्या प्रसंगी, असेही विचारतात. अडचण उघड आहे. जुने बोलणारे गेले. राहिले ते लिहिणाऱ्यांचे कागद, आणि लिहिणारे थोडे होते.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या अभ्यासकांना या बाबतीत नशिबाने हात दिला. सतराव्या-अठराव्या शतकांतील युद्धांत इंग्रजांनी पकडलेल्या जहाजांवरची सुमारे ३८,००० डच पत्रे लंडनमध्ये जपून राहिली होती. त्यांत खलाशांच्या बायकांची, साध्या माणसांची पत्रे विपुल. मारायके व्हान डर वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली : ज्यांना लिहिण्याचा सराव कमी, तेच ठरीव मायन्यांवर अधिक भिस्त ठेवीत. म्हणजे गरिबाचे पत्रही त्याचे निखळ बोलणे नव्हे. हा धडा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

गोव्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील घरगुती पत्रांचा असा ठेवा आपल्या हाती नाही. मग ख्रिस्तपुराणालाच प्रश्न विचारावे लागतात. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत फादर स्टीफन्स स्वतःच उत्तर देऊन ठेवतात. देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशीच्या भाषांत मराठी योग्य, म्हणून ती घेतली. परंतु शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द सोडून सध्याच्या ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे गोव्यातील कोकणी. मराठीचा गौरव करणाऱ्या ओव्या पाठ असलेल्या आपल्यापैकी किती जणांनी ही प्रस्तावना वाचली असेल?

याच लेखकाने ख्रिस्ती सिद्धांतांची प्रश्नोत्तरी मात्र कोकणीत लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली छापली गेली. लेखक एक, लोक तेच, पण पुराणाला एक भाषा आणि शिकवणुकीला दुसरी. एकाच समाजात दोन भाषारूपांनी कामे अशी वाटून घ्यावीत, याचे विवेचन चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली केले. पण ही वाटणी स्टीफन्स यांनी निर्माण केलेली नव्हे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात गोव्याची जी सोळाव्या शतकातील रोमन लिपीतली हस्तलिखिते आहेत, त्यांत रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात आढळतात आणि मराठी पद्यही आढळते. पुराण ऐकायचे ते मराठीत, हा कानांचा संस्कार धर्मांतराआधीचा होता. नव्या ख्रिस्ती श्रोत्यांचे जुने ग्रंथ हिरावले गेले. ऐकण्याची सवय मात्र उरली. तिला स्टीफन्स यांनी नवी कथा दिली.

म्हणून ‘हा ग्रंथ मराठीचा की कोकणीचा’ हा वाद आम्हांला मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. दोन्ही बाजू मिश्रणाला अपघात समजतात. ते अपघात नाही, हिशेब आहे. मात्र यावरून ‘१६१६ च्या साष्टीतील ख्रिस्ती असेच बोलत’ असे अनुमान कोणी काढू नये. डच बायकांच्या पत्रांसारखाच येथेही एक मायना आहे, तो ओवीचा.

खरे काम पुढेच आहे. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची, म्हणजे १६१६, १६४९ आणि १६५४ या सालांची, एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात हस्तलिखितांवरून रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ती देवनागरीत आणली. लंडनमधील मार्सडन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, आणि त्यातले ख्रिस्ती धर्मशब्द बरेच संस्कृत वळणाचे आहेत, जेथे रोमन प्रतीत पोर्तुगीज शब्द येतात. देवनागरी प्रतच मूळ, असे जस्टिन अॅबट यांनी मानले. सर्वांना ते पटलेले नाही. मूळ कोणते हा एक प्रश्न झाला. पण पोर्तुगीज शब्द कोणाच्या कानाला घरचा वाटे आणि संस्कृत शब्द कोणाला, हा दुसरा प्रश्न आम्हांला अधिक रसाळ वाटतो.

१६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी गोमंतकीयांनी तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, आणि तेही कोकणी बोलणाऱ्या कानडा मुलखातील ख्रिस्ती घरांत, हाताने उतरवलेल्या प्रतींतून. त्या प्रती उतरवणाऱ्यांनी न कळलेल्या मराठी शब्दांचे काय केले, ते ओवी-ओवी ताडून पाहावयाचे आहे.