ड्यूटी कोठे मोजायची?

पाटबंधारे अभियांत्रिकीच्या वर्गात 'ड्यूटी' ही संज्ञा सुरुवातीलाच शिकवली जाते. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक क्युमेक पाणी पीक उभे असेपर्यंत सतत वाहत राहिले, तर त्यावर जेवढे हेक्टर भिजतील ती त्या पाण्याची ड्यूटी. समजा, १२० दिवसांच्या धानाला ती ८६४ हेक्टर धरली. एक क्युमेक म्हणजे दिवसाला ८६,४०० घनमीटर पाणी. १२० दिवसांचे पाणी ८६४ हेक्टरवर पसरले, तर त्याचा थर १.२ मीटर होतो. नववीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित जमेल. खरा प्रश्न यापुढचा आहे: पाणी मोजले कोठे? कालव्याच्या मुखाशी मोजले, तर वाटेतली गळती आणि बाष्पीभवन हिशेबात येऊन ड्यूटी कमी भरते. शेताच्या बांधावर मोजले, तर जास्त. मोजण्याची जागा न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

पाटबंधारे शिकवणाऱ्या प्राध्यापकाची कारकीर्द मोजतानाही हाच नियम लावावा, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे ती बहुधा मुखाशी मोजली जाते: किती निबंध लिहिले, किती समित्यांवर बसले, किती धरणांना सल्ला दिला. शेवटच्या शेतापर्यंत त्या ज्ञानातले किती पोहोचले, हे कोणी विचारत नाही.

या दृष्टीने प्रदीप पुरंदरे यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे 'वाल्मी'त, ते सहयोगी प्राध्यापक होते. १९८० साली स्थापन झालेल्या या संस्थेत पाटबंधारे खात्याचे अधिकारी प्रशिक्षणाला येतात. पुरंदरे यांनी आपला विषय वर्गाच्या भिंतींत ठेवला नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ चा. पण त्याखालचे नियम दशकानुदशके झाले नाहीत, हे ते सातत्याने लिहीत राहिले. नियमांवाचून कायदा म्हणजे दारांवाचून कालवा. पाणी कोणी, केव्हा, किती सोडायचे हे ठरतच नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्यासाठी एकात्मिक जल आराखडा आवश्यक ठरवला होता. तो नसताना प्रकल्पांना मंजुरी मिळते, म्हणून निवृत्तीनंतर, २०१४ साली, ते जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. आपण शिकवलेले प्रत्यक्षात का उतरत नाही, याचा शोध शिक्षकाने शेवटपर्यंत घ्यावा, ही या कारकिर्दीची मोठी बाजू.

आता हीच फूटपट्टी घेऊन भंडारा जिल्ह्यात जाऊ. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याचे भूमिपूजन १९८८ साली झाले, २००९ साली ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले. सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट तीन दशके उलटल्यावरही पूर्ण झाले नव्हते. धरण दिसते, छायाचित्रात येते. शेतचारी येत नाही. येथे पुरंदरे यांचा मुद्दा तंतोतंत लागू पडतो.

पण याच जिल्ह्यात त्यांच्या चौकटीची मर्यादाही दिसते. कायदा, नियम, कालव्याचे मोजमाप ही सारी मोठ्या प्रकल्पाची भाषा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी येथे बांधलेले तलाव या भाषेत बसत नाहीत. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्याला सांडवा, खाली धानाच्या बांध्या. पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हा धान तगवणे, हे या पाण्याचे मुख्य काम. त्याच पाण्यात मासे, त्यावरच गुरे. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारी झाले आणि डागडुजीची गावातली जुनी व्यवस्था मोडली. पुढे अनेक तलाव गाळाने भरत गेले. भिजलेल्या हेक्टरांच्या हिशेबात मासे आणि गुरे येत नाहीत. ही तक्रार एकट्या पुरंदरे यांच्याविषयी नाही, त्यांच्या साऱ्या विद्याशाखेविषयी आहे. कोहळ्यांना कोणी प्राध्यापक म्हटले नाही, म्हणून त्यांचे ज्ञान पाठ्यपुस्तकात आले नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. जवळच्या तलावाच्या मोरीशी आणि शेवटच्या बांधीच्या तोंडाशी प्रवाह मोजता येतो. पाटाच्या सरळ, सारख्या रुंदीच्या भागात दहा मीटर अंतर आखा, लाकडाचा तुकडा सोडा, घड्याळ लावा. वेग मिळेल, त्याला पाटातील पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा. पृष्ठभागावरचे पाणी अधिक वेगाने वाहते, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणा. वाटेत कोणी पाणी घेत नसेल, तर दोन आकड्यांतील फरक ही वाटेतली तूट. ती का होते, हे विद्यार्थ्यांनी शेवटच्या बांधीच्या मालकाला विचारावे. पाटबंधारे शास्त्राचा पहिला तास तेथे झाला, तर या विद्यार्थ्यांतून पुढे होणारे अभियंते मोजण्याची जागा विसरणार नाहीत.