सुपरमॅन शेजारगावचा

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' मी फोनवर पाहिला, तोही दोनदा. पहिल्यांदा मनापासून आवडला. दुसऱ्यांदा पाहताना मात्र काहीतरी टोचायला लागलं. साक्रीत बसून मालेगाव पाहायचं म्हणजे शेजारच्या घरातलं लग्न टीव्हीवर पाहण्यासारखं आहे. मांडव झकास असतो, पण त्या ओट्यावर रोज काय चालतं हेही आपल्याला ठाऊक असतं.

गोष्ट खरी आहे. यंत्रमागांच्या गावातल्या नासिर शेखने मित्रांना गोळा करून 'मालेगाव के शोले' काढला. पैसा नाही, स्टार नाही, पण गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्याने यंत्रमागावर राबणाऱ्या किडकिडीत शफीकला सुपरमॅन केलं. रीमा कागतीने वरुण ग्रोवरच्या लेखणीतून ही गोष्ट पडद्यावर आणली आणि २८ फेब्रुवारी २०२५ला ती थिएटरात लागली. आदर्श गौरव नासिर झालाय, शशांक अरोरा शफीक. विनीत कुमार सिंगने रंगवलेला लेखक फरोग तर विसरता येत नाही. आपलं नाव कुठेतरी लागावं यासाठी झुरणारा असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी असतो.

मग खटकलं काय? या सिनेमाचा दुसरा अर्धा भाग शफीकच्या आजारपणावर उभा आहे. मित्र मरणाच्या दारात आहे, म्हणून त्याला उडवायचं. डोळे भरून येतात, माझेही आले. पण फैजा अहमद खानची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही २००८ची डॉक्युमेंटरी पाहा. तिथे सायकलवरून ट्रॉली शॉट घेतात, बैलगाडीची क्रेन करतात, भांडतात, हसतात आणि पुन्हा कामाला लागतात. सिनेमा का काढता, याचं उत्तर त्यांना कोणाला द्यावं लागत नाही. काढावासा वाटतो म्हणून काढतात. मुंबईच्या सिनेमाला मात्र गरिबाच्या हौसेमागे एखादं मरण ठेवावं लागतं. श्रीमंत पोरं गोव्याला फिरायला निघाली की त्याचं कारण कोणी विचारत नाही.

आता बोट स्वतःकडे वळवतो. मालेगावकरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर जे केलं, ते आज आपल्याकडची पोरं फोनवर करतात. 'हाई झुमकावाली पोर' रील्समधून सगळीकडे पोचलं. ज्यांना अहिराणी नावाची भाषा आहे हेही माहीत नव्हतं, ते त्यावर नाचले. याचा मला आनंद आहे. शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून टोकलेली भाषा डीजेवर वाजते तेव्हा छाती फुगतेच.

पण या गाण्यांत अहिराणी बोलतं कोण? बहुतेक वेळा पोरगाच. पोरगी झुमका घालून चालते, वळते, हसते. ती काय म्हणते ते फारसं कोणी ऐकत नाही. कॉमेडी व्हिडिओ घ्या. तिथे अहिराणी येते ती दारुड्याच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी. म्हणजे आपली भाषा आपणच दोन जागी बसवून ठेवली: नाचायला आणि हसायला.

२०१६चा 'सैराट' आठवा. नागराज मंजुळेने करमाळ्याकडची बोली आर्चीच्या तोंडी दिली. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि त्याच बोलीत दम भरते. तिच्या बोलीला कोणी हसलं नाही, उलट पुण्यातल्या पोरी तिची नक्कल करायला लागल्या. बोलीत फरक पडला नव्हता. ती कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी येते, फरक तिथे पडला.

आपल्याकडे प्रसंग कमी आहेत का? ऊसतोडीला गुजरातकडे जाणारी कुटुंबं आहेत, कांद्याचा भाव आहे, शिवाजीनगरच्या माळावरचं सोलर आहे. आणि एक प्रसंग असा, ज्याच्याबद्दल आपण बोलायचंच टाळतो. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या अफवांचे ते दिवस होते. देशभरातल्या बातम्यांत साक्री तालुक्याचं नाव आलं ते असं. मारहाणीचे व्हिडिओही फोनवरच फिरले.

म्हणून मला ही चर्चा निव्वळ करमणुकीची वाटत नाही. ज्या फोनवर आपण झुमका पाहतो, त्याच फोनवर ती अफवा आली होती. दोन्ही गोष्टी आपण सारख्याच पाहिल्या: पंधरा-वीस सेकंद, आगापिछा नाही, अंगठ्याने पुढे सरकवलं. अख्खा सिनेमा पाहताना निदान दोन तास दुसऱ्या माणसाजवळ बसावं लागतं. तो कुठून आला, त्याच्या घरी कोण आहे, हे कळेपर्यंत थांबावं लागतं. सिनेमा माणसाला सुधारतो असा माझा दावा नाही. पण थांबायची सवय लागली तरी पुष्कळ आहे.

मुंबईहून कोणी येऊन आपला 'सुपरबॉईज' काढेल, याची वाट पाहू नये. काढला तरी त्यात ते आधी आपलं मरण शोधतील. फोन आहे, भाषा आहे, गाण्यांमुळे लाखो कान तयार झालेत. आता फक्त त्या झुमकावालीला बोलू द्या.

'कोठे जाई राहिना, भाऊ?' हा आपल्याकडे अनोळखी माणसालाही विचारायचा रोजचा प्रश्न. एखाद्या सिनेमात हा प्रश्न येईल आणि बघणारं कोणीच हसणार नाही, तर पुढचं उत्तर ऐकायला कान टवकारेल. तो सिनेमा मला पाहायचाय. फोनवर असला तरी चालेल.