पंडिता रमाबाईंची पत्रे : एक पुनर्वाचन

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत झालेल्या लेखनाचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकास त्यांचे धर्मांतर खुपते, दुसऱ्यास धर्मांतरापलीकडे काही दिसत नाही. या दोहोंवर उतारा म्हणून आम्ही त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराकडे बोट दाखवू. सिस्टर जेरल्डीन यांनी जमविलेला व अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. त्यामागे तत्त्वचर्चेइतकाच, किंबहुना अधिक, एका दृश्याचा प्रभाव होता. फुलहॅम येथे धर्मभगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत होत्या. ही दया येते कोठून, या प्रश्नास त्यांना उत्तर मिळाले ते विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताच्या कथेतून. अशा स्त्रीला आपल्या धर्मशास्त्रांत थारा नाही, हा त्यांचा निष्कर्ष. कान्होपात्रेला पंढरीने पोटात घेतले हे येथे त्यांच्या हिशेबात येत नाही, एवढी नोंद आम्ही करून ठेवतो. पण संतांचा कळवळा आणि शास्त्र्यांचा निवाडा यांत अंतर होतेच; चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे.

पत्रांतील खरा संघर्ष यानंतर सुरू होतो. ज्या मापाने रमाबाईंनी स्वधर्म मोजला त्याच मापाने त्या चर्च मोजू लागतात. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशप हरकत घेतात. अंडे घातलेले पुडिंग त्या नाकारतात, तर तो जातीचा अभिमान ठरतो. क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असे त्या विचारतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्यांचा साफ नकार आहे. आम्ही हयात शासकीय टिपण्या वाचण्यात घालवली; वरिष्ठास इतक्या अदबीने आणि इतके ठाम ‘नाही’ कळविणारा मजकूर आमच्या पाहण्यात क्वचितच आला. विशेष हे की, ज्या जेरल्डीनबाईंना त्या लाडाने ‘आजीबाई’ म्हणत, त्याच या वादातील प्रतिपक्ष. तरीही स्वतःला बोचणारी पत्रे त्यांनी जपून ठेवली. संग्राहकाच्या या सचोटीकडे आमच्या समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पुढे १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले. तेथे ब्राह्मण विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. हे धोरण आम्हांस डावपेच वाटत नाही. आधी आसरा, मग धर्म, असा तो क्रम होता. परंतु मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ साली पुण्यात वादळ उठले. पालकांनी मुली काढून नेल्या.

१९०७ च्या आत्मनिवेदनात मात्र सूर पालटतो. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्या म्हणतात. श्रद्धा म्हणून याचा मान राखूनही, वाङ्मय म्हणून हे लेखन आम्हांस पत्रांइतके मोकळे वाटत नाही. पत्रांत प्रश्न विचारणारी बाई आहे. येथे उत्तर मिळालेली बाई आहे.

कृतीत मात्र हात आखडलेला दिसत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुली व विधवांना केडगावी घेऊन गेल्या. आमचा बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, म्हणून खैरलांजीत बसून हे प्रकरण वाचताना ते परक्या मुलखातले वाटत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळातच स्वतःचे आईबाप गमावलेल्या बाईला ही वणवण नवी नव्हती. पुढे तेथे कृपासदनही निघाले, फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठीच.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतरास दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि संस्कृताच्या या पंडितेने भाषा मात्र साध्या बायकांना कळेल अशी योजली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तिसदनातील स्त्रियांचेच होते.